अहिंसा, आप्तरक्षण आणि साक्षीदार

अहिंसेची बाजू मांडणाऱ्याला निरुत्तर करण्यासाठी एक प्रश्न पिढ्यान्पिढ्या वापरला जात आहे. उद्या एखादा गुंड तुमच्या आईवर, बहिणीवर किंवा लेकरावर चालून आला, तर तुम्ही काय कराल? हात जोडून उभे राहाल काय? हा प्रश्न विचारणाराला बहुधा उत्तर नको असते. प्रतिपक्षाची फजिती हवी असते. तथापि विचारणाराचा हेतू कसाही असला, तरी प्रश्न खोटा ठरत नाही. जो विचार माणसाला त्याच्या लेकराच्या रक्षणाविषयी काहीच सांगू शकत नाही, त्या विचारावर कष्टकऱ्यांनी विश्वास का ठेवावा?

जगात हा प्रश्न सर्वाधिक वेळा विचारला गेला तो ख्रिस्ती शांततावाद्यांना. आणि आपल्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात तर तो केवळ पोथीतला प्रश्न नाही. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला १८३१ साली सुरू झाले. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या आयुष्याचा मोठा भाग नगर-राहुरीच्या परिसरात गेला. जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघाची स्थापना केली, ती याच जिल्ह्यात काम करीत असताना. आणि पुढे त्या संघात आलेल्या व्हेरियर एल्विन यांनी १९३० साली ख्रिस्त आणि सत्याग्रह यांचा संबंध सांगणारी पुस्तिका लिहून सरकारची इतराजी ओढवून घेतली. मात्र जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजाचा बहुसंख्य भाग अशा विद्वानांचा नाही. तो पूर्वाश्रमीच्या महार-मांग वस्त्यांतील भूमिहीन आणि अल्पभूधारक कुटुंबांचा आहे. एका कानाने त्याने क्षमेचा उपदेश ऐकला आणि दुसऱ्या कानाने गावातील धाकदपटशा. आप्तरक्षणाचा प्रश्न त्याच्या दारात उभा असतो.

म्हणून या प्रश्नाचा विचार फजितीची भीती न बाळगता करावयास हवा.

प्रथम ख्रिस्ती शिकवणीकडे पाहू. डोंगरावरील प्रवचनात येशूने एका गालावर मारणाराकडे दुसरा गाल करावयास सांगितले, हे सर्वांना ठाऊक आहे. ज्याचा गाल त्यालाच ही आज्ञा आहे, हे मात्र फारसे ध्यानात घेतले जात नाही. दुसऱ्याचा गाल पुढे करण्याचा अधिकार तीत कोणालाही दिलेला नाही. स्वतःवरील अन्याय सोसणे ही साधना असू शकेल. शेजाऱ्यावरील अन्याय मुकाट पाहणे ही साधना नव्हे. प्राचीन ख्रिस्ती आचार्यांनाही हा भेद जाणवला होता. संत ऑगस्टीन यांनी स्वतःचा जीव वाचविण्यासाठी दुसऱ्याला ठार करणे मान्य केले नाही; परंतु सार्वजनिक अधिकाराखाली, इतरांच्या रक्षणासाठी शस्त्र धरणाऱ्या सैनिकाला त्यांनी अपवाद केले. पुढे याच फटीतून ‘न्याय्य युद्धा’चे सगळे शास्त्र आत शिरले आणि राजांच्या सैन्यांना धर्माचे आशीर्वाद मिळू लागले. पहिल्या महायुद्धात जर्मन मिशनरी नगरच्या युद्धकैद्यांच्या छावणीत डांबले गेले. तटाच्या आत आणि तटाच्या बाहेर एकाच ख्रिस्ताची प्रार्थना दोन राष्ट्रांच्या विजयासाठी होत होती. शांततावाद्यांनी नाकारले ते हे. क्वेकर, मेनोनाइट, ब्रेदरेन या पंथांनी शस्त्र न धरण्याचे व्रत घेतले आणि त्यासाठी तुरुंगवासही पत्करला.

आप्तरक्षणाचा खरा प्रसंग मात्र शुभवर्तमानांतच आहे. गेथशेमाने बागेत रात्री येशूला धरण्यासाठी हत्यारबंद जमाव आला, तेव्हा पेत्राने तलवार उपसली. ज्याच्यावर आपली प्रीती त्याच्या रक्षणासाठीच त्याने ती उपसली. याहून शुद्ध हेतू कोणता? पण वार कोणावर झाला? प्रमुख याजकावर नाही, रोमन सुभेदारावर नाही. तर मल्ख नावाच्या एका दासाचा कान तुटला. येशूने तलवार म्यानात घालावयास सांगितली आणि, लूकच्या कथनानुसार, तो कान बरा केला.

कथा येथेच थांबती तर ती केवळ शस्त्रत्यागाची कथा झाली असती. परंतु काही तासांनी, त्याच रात्री, याजकाच्या वाड्याच्या अंगणात पेत्राला विचारण्यात आले की, तू त्याच्याबरोबरचाच ना? आणि कोंबडा आरवण्यापूर्वी पेत्राने तीनदा सांगितले की, मी त्या माणसाला ओळखत नाही. तलवार उपसणाऱ्या हातामागची जीभ साक्षीच्या वेळी फितूर झाली. अंधारात, आवेशाच्या भरात वार करणे त्याला जमले. पण शेकोटीच्या उजेडात, चार लोकांदेखत, मी याच्या बाजूचा आहे एवढे म्हणणे जमले नाही. ज्या ग्रीक शब्दावरून युरोपीय भाषांत हुतात्म्याला ‘मार्टिर’ म्हणू लागले, त्या शब्दाचा मूळ अर्थ साक्षीदार असा आहे, ही गोष्ट या संदर्भात पुष्कळ काही सांगून जाते.

टॉलस्टॉय यांनाही लेकरावर चालून येणाऱ्या दरोडेखोराचे उदाहरण वारंवार दिले गेले. अर्नेस्ट क्रॉस्बी या अमेरिकन गृहस्थांना १८९६ साली लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्याचे उत्तर दिले. त्या उत्तराचा आशय असा की, हा काल्पनिक दरोडेखोर आपल्याला आयुष्यात क्वचितच भेटतो. परंतु त्याचे नाव सांगून जी प्रत्यक्ष हिंसा रोज चालते, ती लाखो लोकांना भोगावी लागते. आजही हे निरीक्षण तंतोतंत लागू पडते. २०२२-२३ मध्ये महाराष्ट्रभर निघालेल्या जनआक्रोश मोर्चांतून ‘आपल्या मुलींचे रक्षण’ हीच भाषा वापरली गेली आणि तिचा रोख एका संपूर्ण धर्मसमूहावर वळविण्यात आला. एखादी मुलगी घरात मार खाते, शेतात किंवा कारखान्याच्या फडावर मुकादमाच्या जाचाला बळी पडते, तेव्हा हे रक्षक कोठे असतात? आप्तरक्षणाची भावना पवित्र आहे. म्हणूनच तिचा बाजार मांडणारे तिच्यावर पहिली नजर ठेवतात.

तथापि टॉलस्टॉय यांच्या उत्तराने सर्व शंका फिटत नाहीत. क्वचित का होईना, तो दरोडेखोर येतोच. गांधीजींनी या बाबतीत अधिक सरळ उत्तर दिले. १० फेब्रुवारी १९०८ रोजी जोहान्सबर्ग येथे मीर आलम आणि त्याच्या साथीदारांनी त्यांच्यावर प्राणघातक हल्ला केला. मी तेथे असतो तर काय करावयास हवे होते, असे पुढे थोरल्या मुलाने विचारले, तेव्हा बळ वापरूनही माझे रक्षण करणे हे तुझे कर्तव्य होते, असे त्यांनी सांगितले. १९२० साली ‘यंग इंडिया’त त्यांनी स्वतःच ते नमूद केले आहे. भ्याडपणा आणि हिंसा एवढेच दोन पर्याय उरले तर हिंसा बरी, असा त्यांचा निर्वाळा होता. त्या हल्ल्यानंतर जखमी गांधीजींची शुश्रूषा झाली ती जोसेफ डोक या बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाच्या घरी. हल्लेखोरांवर खटला होऊ नये अशी गांधीजींची इच्छा होती. परंतु भर रस्त्यात घडलेला गुन्हा हा साऱ्या समाजाचा गुन्हा आहे, असा आग्रह तेथील गोऱ्या नागरिकांनी धरला आणि इतरांच्या साक्षींवर हल्लेखोरांना शिक्षा झाली. ज्याने मार खाल्ला त्याने क्षमा केली, ज्यांनी पाहिले त्यांनी साक्ष दिली. या दोन गोष्टींत विरोध नाही.

आपल्या चळवळीची परंपराही निरपवाद शांततावादाची नाही. परचक्र व अंतर्गत अराजक यांच्या बाबतीत गांधीजींच्या अहिंसेबरोबर शेवटपर्यंत जाणे आपल्याला शक्य नाही, असे काँग्रेस कार्यकारिणीने जून १९४० मध्ये वर्ध्याला जाहीर केले. त्या निर्णयात सहभागी असलेले नेहरू, पटेल, आझाद हे नेते १९४२ च्या ऑगस्टमध्ये नगरच्याच किल्ल्यात बंदिवान झाले, आणि त्यांच्यासमवेत आचार्य नरेंद्र देवही होते. नगरचे सुपुत्र अच्युतराव पटवर्धन तेव्हा भूमिगत राहून लढा चालवीत होते. यांपैकी कोणीही हिंसेचे पूजक नव्हते आणि कोणीही अहिंसेचे कर्मकांड केले नाही. कायद्यानेही हा विवेक मान्य केला आहे. स्वतःच्या तसेच दुसऱ्याच्या शरीराच्या खासगी बचावाचा हक्क भारतीय दंड संहितेत होता आणि तो २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. आपल्या लेकीला वाचविण्यासाठी जिने हल्लेखोरावर कोयता उगारला, तिला कोणत्याही धर्मपीठाने वा विचारपीठाने पापी म्हणू नये.

प्रश्नाचे तात्कालिक उत्तर येथे संपते. राजकीय उत्तर येथून सुरू होते.

‘गुंड चालून आला तर’ या प्रश्नाची मांडणीच सदोष आहे. तीत एक हल्लेखोर, एक बळी आणि एक रक्षक असतो. गाव नसते, जात नसते, जमीन नसते, मजुरी नसते. आकाशातून पडावा तसा तो गुंड पडतो. प्रत्यक्षात आपल्या खेड्यांत दुर्बलांच्या घरावर येणारी हिंसा क्वचितच अशी अकस्मात येते. ती आधी धमकी देऊन येते, पाणी तोडून येते, मजुरी बंद करून येते, आणि आपल्याला कोणी काही करू शकत नाही या खात्रीने येते. ही खात्री हेच तिचे खरे हत्यार होय.

अर्थशास्त्रात सार्वजनिक वस्तूची एक कल्पना आहे. रस्त्यावरचा दिवा किंवा साथीच्या रोगाचा बंदोबस्त अशा गोष्टी प्रत्येकाने आपापल्यापुरत्या विकत घेतो म्हटले, तर त्या श्रीमंतालाही अपुऱ्या मिळतात आणि गरिबाला मुळीच मिळत नाहीत. संरक्षण ही अशीच वस्तू आहे. ते ज्याचे त्याने करावयाचे ठरले, तर ज्याच्याकडे जमीन, गाडी, बंदूक, वकील आणि फौजदाराशी ओळख आहे, त्याचे आप्त सुरक्षित राहतील. भूमिहीनाच्या हाती काठी आली, तर तिच्या उत्तरादाखल पन्नास काठ्या येतील, आणि गुन्हा मात्र पहिल्या काठीवर नोंदला जाईल. शस्त्राची बाजारपेठ ही विषमतेची बाजारपेठ आहे. दुर्बलांनी हिंसेवर राजकारण उभारू नये, असे आपण म्हणतो ते केवळ हात स्वच्छ राहावेत म्हणून नव्हे. त्या बाजारात त्यांना पत नाही म्हणून.

आता जिल्ह्यातील वस्तुस्थिती पाहू. २८ एप्रिल २०१४ रोजी जामखेड तालुक्यातील खर्डा येथे सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलल्याचा संशय हे त्याचे कारण सांगितले गेले. महाराष्ट्र हादरला, मंत्री आले, पुढारी आले. नोव्हेंबर २०१७ मध्ये खटल्याचा निकाल लागला आणि आरोपी निर्दोष सुटले, कारण महत्त्वाचे साक्षीदार फितूर झाले होते. एका मुलाचा जीव गेला, आणि तो कोणी घेतला हे न्यायालयात सिद्ध झाले नाही. त्याच महिन्यात, त्याच जिल्हा न्यायालयात, कर्जत तालुक्यातील कोपर्डीच्या खटल्याचाही निकाल लागला. जुलै २०१६ मध्ये तेथे एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला होता. तेथे साक्षी टिकल्या आणि तिघांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. फाशीला आपला तात्त्विक विरोध आहे. पण साक्षी टिकल्या, गुन्हा सिद्ध झाला, याचे समाधानच वाटावयास हवे.

दोन घरांतील आईबापांच्या दुःखात कोणी तरतमभाव करू नये. परंतु दोन निकालांतील अंतर समजून घेतलेच पाहिजे. कोपर्डीच्या साक्षीदारांमागे समाज उभा होता. लाखोंचे मोर्चे निघाले होते. खर्ड्याच्या साक्षीदारांमागे कोण उभे होते? निषेधाच्या सभा झाल्या, आपणही त्यांत होतो. पण सभा उठल्यावर साक्षीदार गावातच राहिला आणि आपण गावाबाहेर पडलो. त्याला त्याच वाटेने जावयाचे होते, त्याच पारावरून, त्याच दुकानावरून. त्याची मजुरी, उधारी, मुलांची शाळा सारे तेथेच होते. कोर्टाची तारीख साडेतीन वर्षांनी आली. त्या काळातील प्रत्येक दिवशी त्याला विचारले जात असणार की, तू त्याच्याबरोबरचाच ना? पेत्राची शेकोटी आणखी काय होती?

ऑगस्ट २०२३ मध्ये श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे शेळी आणि कबुतरे चोरल्याच्या संशयावरून दलित तरुणांना झाडाला उलटे टांगून मारहाण झाली. हरेगाव हे ख्रिस्ती समाजाच्या मतमाउली यात्रेचे गाव. दर सप्टेंबरात तेथे हजारो भाविक येतात. ख्रिस्तीच नव्हे, इतर धर्मांचेही येतात. ज्या गावात एका क्रुसावर टांगलेल्या निरपराध माणसाच्या आईची यात्रा भरते, तेथे माणसे झाडाला टांगली जावीत, यातील विसंगतीवर प्रवचन करणे सोपे आहे. टांगलेल्यांच्या बाजूने कोर्टात कोण उभे राहील, हा प्रश्न अवघड आहे. आणि क्षमेचे प्रवचन हे त्या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही.

येथे कायद्यातील एक अन्याय स्पष्टपणे सांगितला पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम फक्त हिंदूंना मिळाला. १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना लागू झाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित आजही त्याबाहेर आहेत. साहजिकच १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही ख्रिस्ती दलिताला मिळत नाही. एकाच वस्तीतले दोन चुलतभाऊ, एक बौद्ध आणि एक ख्रिस्ती, एकाच कारणावरून, एकाच जमावाकडून मार खातात. मारणारा दोघांनाही एकाच जातीच्या नावाने शिव्या देतो. आणि कायदा मात्र दोघांत भेद करतो. मारणाराला धर्मांतर दिसत नाही, ते फक्त शासनाला दिसते. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली हा धर्माधारित भेद काढून टाकण्याची शिफारस केली होती. २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमण्यात आला. ख्रिस्ती दलिताला दुसरा गाल पुढे करण्याचा उपदेश करण्यापूर्वी, त्याच्या पहिल्या गालावरील प्रहाराची नोंद घेण्याची व्यवस्था करा, एवढेच आपले मागणे आहे.

ख्रिस्ती शांततावादाचा उत्तम अंश कोणता, हे फ्रान्समधील ल शांबों या डोंगराळ गावाने दाखविले आहे. हिटलरी अमलात, १९४० ते १९४४ या काळात, आंद्रे त्रोकमे या शांततावादी धर्मोपदेशकाच्या प्रेरणेने त्या परिसरातील शेतकऱ्यांनी हजारो निर्वासितांना, त्यांतही प्रामुख्याने ज्यूंना, आसरा दिला. अधिकाऱ्यांनी लपविलेल्या ज्यूंची नावे मागितली. त्रोकमे यांनी ती दिली नाहीत. त्यांचा नातलग दानिएल मुलांसह पकडला गेला आणि छळछावणीत मरण पावला. या लोकांनी कोणाला मारले नाही. पण कोणाला सोडूनही दिले नाही. एकटा त्रोकमे काय करू शकला असता? गाव बोलले नाही म्हणून माणसे वाचली. खर्ड्याला गाव बोलले नाही म्हणून न्याय मेला. मौन तेच, पण कोणाच्या रक्षणासाठी, यावर त्याचे मोल ठरते.

ओडिशातील मनोहरपूर येथे जानेवारी १९९९ मध्ये ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले यांना जिवंत जाळण्यात आले. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि कुष्ठरुग्णांची सेवा चालू ठेवली. त्या क्षमेपुढे नतमस्तक व्हावे. पण ती क्षमा त्यांची होती. शासनाची किंवा शेजाऱ्यांची नव्हे. खटला चालला आणि मुख्य आरोपीची जन्मठेप २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. हेच योग्य झाले.

तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. अत्याचाराची घटना घडताच निषेधाचे पत्रक काढणे आपल्याला चांगले जमते. यापुढे खटल्याच्या अखेरच्या तारखेपर्यंत टिकणारी साक्षीदार साहाय्य समिती प्रत्येक तालुक्यात हवी. साक्षीदाराला कोर्टात नेणारी गाडी, त्या दिवसाची बुडालेली मजुरी, गावात पाणी किंवा काम बंद झाले तर त्याची तजवीज, आणि रात्री त्याच्या ओट्यावर झोपायला येणारे चार सोबती यांची व्यवस्था समितीने करावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने पीडित आणि साक्षीदार यांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण आले आहे. त्यांचे अर्ज भरून घेणे, पोलीस अधीक्षकांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठपुरावा करणे हे काम रटाळ आहे, पण रक्षण तेथेच होते. चर्चच्या मंडळींशीही याबाबत बोलावे. त्यांच्या शब्दकोशात साक्ष हा मोठा शब्द आहे. तो उपासनेतून कोर्टाच्या पिंजऱ्यापर्यंत आणण्याचे आवाहन त्यांना करावे, आणि १९५० चा आदेश बदलण्याच्या लढ्यात आपण त्यांच्याबरोबर उतरावे.

गुंड तुमच्या आप्तांवर चालून आला तर काय कराल, असे यापुढे कोणी विचारले, तर त्याला उत्तर द्यावे की, जे हाताशी असेल त्यानिशी मध्ये पडू. आणि मग त्यालाच विचारावे की, तो माझ्या आप्तांवर चालून आला आणि तुम्ही ते पाहिले, तर तुम्ही कोर्टात येऊन सांगाल काय? या दुसऱ्या प्रश्नाला गावोगाव होकार मिळू लागेल, तेव्हा पहिला प्रश्न विचारण्याची वेळच क्वचित येईल.